विशेष सवयी: काही नाही

संपत गुरुजींची आई दारोदार भाकरी मागायला लागली ती शहात्तर सालच्या संक्रांतीनंतर.

केशरबाई तिचं नाव. त्याआधी वर्षभर ती विसरत होती, पण ते विसरणं घरातल्या घरात होतं. दूध चुलीवर ठेवायची आणि चूल पेटवायचं राहून जायचं. सुनेला, सत्यशीलेला, कधी नणंद समजायची, कधी शेजारीण. म्हातारपणी हे व्हायचंच, असं म्हणत नवरा-बायको डबे घेऊन शाळेत जात. दोघंही आष्टीच्या जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक. मुलगी शिकायला औरंगाबादेत. घरी तिसरं माणूस नाही, म्हणून जाताना पुढच्या दाराला बाहेरून कडी घालायची, मागच्याला आतून; ती म्हातारी काढील असं वाटलं नव्हतं. कडी घालताना संपतचा हात दरवेळी थोडा थांबायचा, पण घंटा कुणासाठी थांबत नाही.

एके संध्याकाळी बद्रीनाथ आला. गावातल्या जुन्या जमीनवाल्या घरातला माणूस, त्याचा मुलगा चौथीत संपतच्याच वर्गात. स्वभावानं सरळ. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि मग बोलला.

"गुरुजी, वाईट वाटून घेऊ नका. आजी आल्त्या आमच्याकडं."

"कोण, माय?"

"हां. मागच्या दारात हुभ्या राह्यल्या, पदर पसरून. भाकर वाढा वो माय, म्हणल्या. मी म्हणलं, आजी, आत या, बसा. तर मागं मागं सरकल्या. मंग आमच्या माईनं भाकर दिली."

बद्रीनाथची आई म्हणजे उषाबाई. तिनं भाकरी हातात दिली की वरून पदरात टाकली, हा प्रश्न संपतच्या ओठांवर आला होता. त्यानं तो गिळला.

"माई म्हणली, जुनं माणूस, रीत सोडली न्हाई." बद्रीनाथ हे कौतुकानं म्हणाला. त्याला कुणी सांगावं की हे कौतुक ऐकणाऱ्याच्या काळजात कुठं जाऊन बसलं ते.

कारण ही केशरबाई कोण होती? शहागडच्या अलीकडच्या एका गावात, छप्पन सालच्या धर्मांतरानंतरच्या उन्हाळ्यात, गावच्या विहिरीत पहिला पोहरा सोडला तो तिनं. पुरुष काठ्या घेऊन उभे होते, दोन्हीकडचे. कोण पुढं होतो, याची सगळे वाट बघत होते. नवरा भिवा दोन वर्षांपूर्वीच गेलेला, पोरगा एकोणीस वर्षांचा, आणि ही बाई पदर खोचून सरळ काठावर गेली. पोहरा वर ओढला, दोन्ही हातांनी तोंडाला लावला, छातीवर पाणी सांडेपर्यंत प्याली आणि उरलेलं पोराच्या हातात दिलं. "धर. आता कुणापुढं वंजळ करायची न्हाई," म्हणाली. त्याच आठवड्यात घरातले देव तिनं स्वतःच्या हातानं गोदावरीत सोडले. संपतनं पुढं जे काही केलं, ट्रेनिंग केलं, नोकरी धरली, बद्रीनाथच्या मुलाला शुद्धलेखन शिकवलं, ते सगळं त्या एका पोहऱ्याच्या जोरावर.

आता तो पोहराच तिच्या डोक्यातून गेला होता. तिची वर्षं अलीकडून पलीकडं गळत चालली होती. आधी नात गेली, मग सून, मग विहीर. विहिरीच्या पलीकडचं तेवढं शाबूत राहिलं.

भाकरीच्याही आधी पाण्याचं सुरू झालं होतं, पण ते चार भिंतींत होतं. तहान लागली की केशरबाई माठाला हात लावायची नाही. चार हात लांब उकिडवी बसायची, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची आणि थांबायची. कुणी तरी यावं आणि वरून धार धरावी, म्हणून. किती वेळ थांबावं लागेल याची तिला घाई नसायची. तिला थांबायची सवय होती.

संपतनं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. पेला भरून तो तिच्या हातात कोंबत म्हणाला, "माय, हे आपलं घर हाय. आपला माठ हाय. घे, पे." तिनं पेला धरला, पेला पडला. आणि केशरबाईनं फरशीवर डोकं टेकवलं. "चुकलं मालक. बाटलं. म्या धुऊन देते." स्वतःच्या पोटच्या पोराच्या पायांशी. संपत मागच्या दारानं निघून गेला आणि तासभर परत आला नाही. त्यानंतर सत्यशीला नवरा घरात नसताना सासूला पाणी पाजायची. उभी राहून, तांब्यानं, वरून. तिलाही ते करताना लाज वाटायची, पण म्हातारी तहानलेली राहण्यापेक्षा लाज बरी, असा तिचा रोकडा हिशेब होता.

त्या वर्षी मास्तर लोकांना शिकवण्यापेक्षा नसबंदीच्या केसेस आणायचं काम जास्त होतं. शाळा सुटली की यादी घेऊन दारोदार हिंडायचं. एकदा संपत एका ओसरीत बसून घरधन्याची समजूत घालत होता, आणि त्याच घराच्या मागच्या दारातून ओळखीचा आवाज आला. जोहार मायबाप, भाकर वाढा. घरधनी हसला नाही, पण यादीकडं बघत बसला. त्या रात्री संपत बायकोला म्हणाला, जालन्याला एक ठिकाण आहे असं ऐकलंय.

ठिकाण जुन्या जालन्यात होतं, धान्याच्या अडतीमागच्या गल्लीत. एका ट्रस्टनं आजारी म्हाताऱ्या माणसांसाठी चालवलेलं घर. लोक नुसतं सदन म्हणत. तिथं बघायला संपत आधी एकटा गेला. सदन बघणाऱ्या गिरिजाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. बोलणं तोडून टाकणारं, पण हात मऊ. एका आजोबांचं अंग पुसत पुसतच त्या त्याच्याशी बोलल्या. पंचवीस म्हातारी माणसं, दोन बाया, औषध वेळेवर, जेवण दोनदा, चहा दोनदा.

ओसरीच्या कोपऱ्यात तिवईवर एक मोठा रांजण होता. त्याच्यावर झाकण, झाकणावर ओगराळं.

"हे सगळ्यांचं पाणी?" संपतनं विचारलं.

"सगळ्यांचं. रांजण एकच. इथं कुणाची जात विचारत नाही आम्ही. ज्यानं त्यानं उठावं, घ्यावं, प्यावं. जे खाटेवरून उठतच नाहीत त्यांना द्वारकाबाई पाजते."

संपतनं ओगराळं बुडवलं आणि पाणी प्यायलं. गार होतं. त्या पाण्यानं त्याचा निर्णय झाला. चादरी धुतलेल्या आहेत का, संडास कसा आहे, हे सगळं त्यानं बघितलंही नाही. एकच रांजण आहे, एवढं त्याला पुरलं. इतकी वर्षं आपण वर्गात जे सांगतो ते इथं कोपऱ्यात तिवईवर ठेवलेलं आहे, असं त्याला वाटलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो केशरबाईला घेऊन निघाला. सत्यशीलेनं लुगडी घडी करून दिली, डोक्याला तेल लावून दिलं, आणि एसटीत बसवताना खिडकीतून म्हणाली, "अवो, पाण्याचं बराबर सांगा त्यांना. विसरू नका."

"सांगतो."

"न्हाई, नक्की सांगा. आत्याबाई आपणहून मागणार न्हाईत."

"म्हणलं ना, सांगतो."

सदनात गिरिजाबाईंनी खुर्ची दिली, चहा दिला, छापील अर्ज पुढं केला. संपत मास्तरी अक्षरात भरत गेला. नाव. वय, अंदाजे सत्तर. धर्म, बौद्ध. हा शब्द त्यानं जरा ठळक काढला. गिरिजाबाईंनी तो वाचला आणि मान हलवून पुढं बघितलं. आजार, विसरभोळेपणा. पथ्य, नाही. शेवटचा रकाना होता: विशेष सवयी.

लेखणी तिथं थांबली.

सांगायला काय होतं? दोन वाक्यं होती. पण समोरच्या बाकावर चार म्हातारे बसले होते, कुठल्या कुठल्या गावचे, पागोटी घातलेले, आणि सगळे कान देऊन होते. आपण हे सांगितलं की यांना आपली माय काय होती ते कळणार. तेही एक वेळ सोसलं असतं. पण सांगितलं की कुणी तरी तिला खरंच वरून पाणी घालणार. आज तहानेपोटी घालतील, उद्या रीत म्हणून घालतील, आणि एखाद्याला घालताना बरंही वाटेल. उषाबाईला वाटलं तसं. शिवाय त्याच्यातला मास्तर म्हणत होता की घरी सत्यशीला घालते म्हणून तर सवय टिकली आहे. इथं कुणीच घातलं नाही, तर दोन दिवसांत माय आपणहून हात पुढं करील. तहान सगळं शिकवते.

त्यानं लिहिलं: काही नाही.

निघताना केशरबाई खाटेवर बसली होती. तिनं त्याच्याकडं बघून हात जोडले आणि "जोहार" म्हणाली. कुणी ऐकलं तर नाही, हे बघत संपत घाईनं बाहेर पडला. सदनाचा नियम होता की नवीन माणूस रुळेपर्यंत एकवीस दिवस घरच्यांनी यायचं नाही. त्याला हा नियम ऐकून बरं वाटलं होतं.

घरी सत्यशीलेनं दारातच विचारलं, "सांगितलं?"

"हो," संपत म्हणाला.

ते दिवस त्याचे सुखात गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळची शाळा होती. कडी घालावी लागत नव्हती. बद्रीनाथ रस्त्यात भेटला की त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येत होता. फक्त दुपारी ऊन तापलं, पत्रा तडतडायला लागला, की नजर माठाकडं जायची. पीत असेल, असं तो मनाशी म्हणायचा आणि कूस बदलायचा.

अठराव्या दिवशी कार्ड आलं. गिरिजाबाईंचं अक्षर. "मातोश्रींची प्रकृती बिघडली आहे. पाणी पीत नाहीत. नियमाचा विचार न करता ताबडतोब यावे."

कार्ड आधी सत्यशीलेच्या हातात पडलं होतं. तिनं ते वाचलं आणि नवऱ्याकडं बघितलं.  पायात चपला घातल्या, पण एकाला शाळेत थांबणं भाग होतं, म्हणून परत काढल्या.

संपत दुपारी एकला पोचला. केशरबाईची खाट आता ओसरीतच आणली होती, वारा लागावा म्हणून. खाट ते रांजण, अंतर दहा पावलं. ती इतकी लहान झाली होती की लुगड्याची घडीच कुणी खाटेवर ठेवली आहे असं वाटावं. ओठ फुटलेले. डोळे उघडे, पण आत गेलेले.

द्वारकाबाई, तिथं काम करणारी बाई, पंखा घालत होती. ती आपणहूनच बोलायला लागली, जणू कुणी तरी विचारावं याची ती वाटच बघत होती.

"चहा दिला तर घेत्यात. वरण वाढलं तर घेत्यात. पण पाण्याला हात लावीत न्हाईत, दादा. पेला दिला, त्याला बी न्हाई. पैले दहा-बारा दिवस त्या रांजणापासल्या तिथं जाऊन बसायच्या. दोन-दोन तास. हाताची अशी वंजळ करून. आम्हाला वाटलं, कायतरी देवाचं करून राह्यल्या. बाई म्हणल्या, असू दे, तिच्या भक्तीत आपण पडू नये."

संपत खाटेच्या कडेवर टेकला.

"अन् पेला जवळ नेला की बाटल, बाटल म्हणायच्या. तोंडात दात न्हाईत, नीट कळंना. मला वाटलं बाटली मागत्यात. आमच्या गावाकडं बाटलीला बाटलच म्हणत्यात. मंग म्या औषधाची रिकामी बाटली घासली, पाणी भरून उशापाशी ठेवली. ती बघा."

बाटली उशाशी होती. गळ्यापर्यंत भरलेली, वर कागदाचं बूच. पाण्यावर बारीक धूळ बसली होती.

गिरिजाबाई आल्या. त्यांनी आडवळण घेतलं नाही. "दोनदा सलाईन लावलं, दोनदा हिसडून काढलं. लघवी परवापासून बंद आहे. सकाळी डॉक्टर येऊन गेले. आता फार दिवसांचं बोलू नका, असं म्हणाले. गुरुजी, मी तीस वर्षं पेशंट बघितले. तहान लागलेली असून पाणी न पिणारं माणूस मी बघितलं नाही. घरी पीत होत्या ना?"

"पीत होती."

"मग?"

बाकावर तेच चार म्हातारे होते. संपतला ते दिसले. आणि पहिल्यांदाच त्याला त्यांचं काही वाटलं नाही.

"बाई, ती बाटल म्हणत नव्हती. बाटंल म्हणत होती. तिचा हात लागला तर तुमचं भांडं बाटंल. आमच्या लोकांना वरून पाणी घालायची पद्धत होती. ती तिथं बसून कुणी तरी पाणी घालील म्हणून थांबत होती."

द्वारकाबाईचा पंखा थांबला. गिरिजाबाईंनी रांजणाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. त्यांचा आवाज वर चढला नाही, उलट खाली गेला. "अर्जात विचारलं होतं, गुरुजी."

"हो. मी काही नाही असं लिहिलं."

यापुढं केशरबाई दीडच दिवस होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढचं ऐकताना उगाच कुणी आशा धरायला नको. संपतलाही ती नव्हती. तरी तो उठला, रांजणापाशी गेला आणि तांब्या भरून आणला. द्वारकाबाईनं म्हातारीला पाठीशी हात देऊन बसतं केलं.

तो खाटेजवळ उभा राहिला. बसून पाजलं असतं तर तिला ते कळलं नसतं. तांब्या वर धरला आणि म्हणाला, "घे, पाणी घालतो."

त्या हातांत जीव कुठून आला कोण जाणे. दोन काटक्यांसारखे हात वर आले, जुळले, ओंजळ झाली, तोंडाशी गेली. संपतनं धार सोडली. वीस वर्षं ज्या धारेचा त्याला राग होता ती धार त्याच्याच हातातून पडत होती आणि त्याची माय ती पीत होती. एक घोट. थांबून दुसरा. तिसरा. बरंचसं पाणी लुगड्यावर सांडलं. तो पुन्हा पुन्हा ओतत राहिला, आणि रडत होता, आणि रडतोय हे कुणाला दिसू नये म्हणून त्यानं काहीही केलं नाही.

"जोहार मालक," केशरबाई म्हणाली. आवाज पानासारखा सुकलेला. "लई वेळ बसले. तुमचं भलं होईल."

"अजून घे, माय."

"बस, मालक. मला बस." ती थोडा वेळ दम खात राहिली. मग तिनं हात पुन्हा जोडले, आता पिण्यासाठी नाही. "एक मागणं हाय. माझ्या लेकराला बी घाला थोडं."

"कुठाय लेकरू, आजी?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"हितंच आसंल कुठं. साळंतून उन्हाचं येतंय. साळंत त्याला भायेर बसवत्यात, पाणी कुणी घालीत न्हाई. घरी येस्तोवर व्हट सुकत्यात त्याचे. मागत न्हाई ते. लाजतंय. माझं काय, म्या बसते वाट बघत. पर त्याला घाला, मालक. संपत नाव हाय."

 बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं पागोटं काढून मांडीवर घेतलं.

संपतनं तांब्या गिरिजाबाईंच्या हातात दिला. खाटेच्या पायथ्याशी, आई बघेल अशा जागी, तो उकिडवा बसला. दोन्ही हातांची ओंजळ केली. पोहऱ्याच्या दिवसापासून त्यानं ती कुणापुढं केली नव्हती. हात मात्र काहीच विसरले नव्हते. करंगळ्या कुठं टेकवायच्या, मनगटं कशी उचलायची, सगळं त्यांना येत होतं.

"घाला, बाई."

"गुरुजी, पेला देते की मी."

"न्हाई. वरून घाला. ती बघून राह्यली."

गिरिजाबाईंनी तांब्या तिरपा केला. धार सरळ पडेना. संपत प्यायला. केशरबाई मान कलती करून त्याच्या गळ्याकडं बघत होती, घोट खाली उतरतो की नाही ते.

"भागली का रं तहान?" तिनं विचारलं.

"न्हाई, माय," संपत म्हणाला.

"मंग लाजू नको. माग."

त्यानं ओंजळ पुन्हा वर धरली.